डावीकडून तिसरी

“निगेटिव्ह खोटं बोलत नाही, खोटं बोललाच तर धुणारा बोलते.”

उकंडाभाऊ नगराळे हे एकदा बोलले ते त्यांच्या फियाटमध्ये बसून. गाडी उभी होती. ती बहुतेक उभीच असते. वणीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. त्यात अठ्ठ्याहत्तर सालची फियाट, पुढच्या सीटवर उकंडाभाऊ, मागच्या सीटवर सुतळीनं बांधलेले जुन्या कॉमिक्सचे गठ्ठे. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस सकाळी चहाचा कप घेऊन गाडीचं दार उघडतो, आत बसतो, काच खाली करतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत कुठेही जात नाही. वणीत धूळ काळी पडते. कोळशाचे ट्रक रस्त्यानं जातात आणि त्यांचं थोडंथोडं सगळ्यांच्या अंगणात उतरतं. उकंडाभाऊ रोज बोनेट पुसतात. फडकं रोज काळं होतं. या कामाला कंटाळलेले ते कुणाला दिसले नाहीत.

दुपारी त्यांची बायको विमलताई शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहते. “लय लांबचा प्रवास झाला वाटते. उतरा आता, गाव आलं.”

“कोणतं गाव?”

“भाजी-भाकर खुर्द.”

“थांब, हे बाजू संपू दे.”

बाजू म्हणजे कॅसेटची. पांढरकवड्याला हायवेच्या नाक्यावर पूर्वी एक जण कॅसेट भरून देत असे. त्याला गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्यानं जायचं. तो वेळेचा हिशेब ठेवत नसे. बाजू संपली की गाणं जिथे असेल तिथे तुटायचं. उकंडाभाऊंकडे अशी चाळीसेक तुटलेली गाणी आहेत. त्यातलं एखादं कधी लग्नाच्या मांडवात अख्खं वाजलं तर ते तुटण्याच्या जागेपर्यंत गुणगुणतात आणि गप्प होतात. पुढचं कडवं त्यांना परकं वाटतं. कुणीतरी मागाहून जोडल्यासारखं.

कॉमिक्सचंही तसंच. बसस्टँडवर भाड्यानं कॉमिक्स देणारी टपरी होती, ती बंद झाली तेव्हा त्यांनी दोन पोती उचलून आणली. बहुतेकांची शेवटची पानं गेलेली. कागद पिवळा, आणि रंग रेषेच्या बाहेर सरकलेले: लाल ओठ ओठांच्या खाली, निळा अंगरखा खांद्याच्या पलीकडे. नातू आयुष नागपूरहून येतो तेव्हा त्याला तो छापखान्याचा गाढवपणा वाटतो. उकंडाभाऊ त्याला सांगतात, “माणूस असाच असते बापू. आपल्या रेघेत मावत नाही.”

जुना काळ चांगला होता, असं त्यांचं म्हणणं नसतं. त्या काळात त्यांनी पुष्कळ अपमान आणि थोडी उपासमार पाहिली आहे. पण तो काळ पुरा झाला आहे, त्यात आता कुणाला काही खोडता येत नाही, भर घालता येत नाही, याचा त्यांना विसावा वाटतो. चालू दिवस ओल्या प्रिंटसारखा. बोट लागलं की डाग. गेलेले दिवस वाळलेले. ते हातात घेता येतात.

उकंडा या नावाचा अर्थ आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. आधीची मुलं जगली नाहीत की सुईण नव्या बाळाला घटकाभर उकिरड्यावर ठेवते. मग आई जाऊन ते उचलते, कुणीतरी टाकलेलं पोर सापडल्यासारखं. मरणाची समजूत व्हावी की हे टाकाऊ आहे, याला न्यायचं कारण नाही. उकंडाभाऊंच्या आधीची दोन गेली होती. ते जन्मले सत्तावन्न साली. आदल्याच वर्षी वडिलांनी नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली होती. शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले, आता या जुन्या खुळांतून बाहेर पडलात, तर पोराचं नावही चांगलं ठेवा. वडील म्हणाले, “बाकी सगळं टाकलं, गुरुजी. पण ज्या खोट्यानं पोरगं जगलं, ते खोटं मी कोण्या तोंडानं टाकू?” नाव राहिलं.

फियाट त्यांनी हौसेनं घेतली नव्हती, धंद्यासाठी घेतली होती. त्र्याऐंशी ते दोन हजार अकरा या काळात त्यांचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा, स्टँड, दोन दिवे आणि मागचा रंगवलेला पडदा, सगळं फियाटच्या डिकीत बसे. लग्नं, शाळेचे वर्ग, कापसाच्या जिनिंगमधले मजूर, कोळसा खाणीतले निरोप समारंभ. पण राजूरपासून घुग्घुसपर्यंत लोक त्यांना ओळखत ते जोड फोटोसाठी.

जोड फोटो म्हणजे एकत्र कधीच न काढलेला एकत्र फोटो. त्या काळात नवराबायकोनं मिळून स्टुडिओत जायची रीत सगळ्या घरांत नव्हती. माणूस मेल्यावर कळायचं की त्याचा फोटो फक्त लायसन्सवर आहे आणि तिचा कुठल्यातरी लग्नाच्या गर्दीत, कपाळ अर्धं पदराखाली. नातेवाईक दोन्ही घेऊन यायचे. उकंडाभाऊ दोन्ही चेहरे सारख्या मापाचे करून घ्यायचे, ब्लेडनं कापायचे, एका कार्डावर शेजारी चिकटवायचे, त्याला कोट आणि तिला काठाचं लुगडं ब्रशनं रंगवायचे आणि पुन्हा फोटो काढायचे. जिवंतपणी चारचौघांत एकमेकांकडे न बघितलेली माणसं भिंतीवर खांद्याला खांदा लावून बसत. एकदा एका म्हातारीनं तो फोटो पाहून पदर डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, “अवो, इतक्या जवळ तं आमी कधी बसलोच नाही.”

यातलं खरं काम पेन्सिलीचं. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, सावल्या निगेटिव्हवरच भरायच्या. निगेटिव्हला दोन बाजू असतात. एक चकचकीत, तिच्यावर पेन्सिल उठत नाही. दुसरी मंद, तिच्यावर उठते. म्हणून पेन्सिल चालवताना मंद बाजू वर ठेवावी लागते, आणि मंद बाजूनं पाहिलं की माणूस आरशातल्यासारखा उलटा दिसतो. धंद्यातल्या माणसाच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा तो विचारही करत नाही.

गेल्या माघात, पौर्णिमेच्या आठेक दिवस आधी, शेडमध्ये एक मुलगी आली. दहावीतली असावी. गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाली, “तुम्हीच ना ते जोड फोटोवाले आजोबा? मी अपेक्षा. धम्मदीप ताकसांडे माझे बाबा. राजूरला खाणीत डंपर चालवतात.”

उकंडाभाऊंना नाव आठवलं. एकोणनव्वद सालचं काम. धम्मदीपचा बाप श्रावण ट्रक चालवायचा, तो पांढरकवड्याच्या पुढे घाटात गेला. त्याच वर्षी आई पंचफुला काविळीनं. पोरगं तेव्हा सव्वा वर्षाचं. त्याला कडेवर घेऊन आजी स्टुडिओत आली होती.

अपेक्षानं मोबाइल खिडकीतून आत धरला. पडद्यावर तो जोड फोटो होता, आणि तो हलत होता. श्रावणनं पापण्या मिटल्या, उघडल्या. शेजारच्या बाईनं मान किंचित वळवली आणि ती हसली.

“ॲपमध्ये केलं. बाबांनी वीस वेळा पाहिलं. मग बाथरूममध्ये जाऊन बसले.”

उकंडाभाऊ बघत राहिले. बाईनं मान वळवली, पण तिच्या गालाखाली त्यांनी पेन्सिलनं भरलेली सावली तिच्याबरोबर वळली नाही. जागच्या जागी राहिली.

“मग माझ्याकडं काय काम काढलं, माय?”

“आम्ही चिखलगाव रोडला घर बांधलं. पौर्णिमेला तिथं बुद्धवंदना आहे, मोठा फोटो लावायचाय. आणि बाबांचं एक म्हणणं आहे. रागावणार नाही ना?”

“बोल.”

“बाबांच्या हनुवटीवर खळी आहे. माझ्यापण आहे, बघा. पणजीनं बाबांना सांगितलं होतं, ही तुझ्या मायची. फोटोत तर नाही. बाबा म्हणतात, फोटोवाल्यानं डाग समजून पुसली असेल. निगेटिव्हवर असेल ना ती? ती परत आणून द्याल का?”

उकंडाभाऊ गाडीतून उतरले. “देवीचे वण पुसले मी. चामखीळ पुसली, एकाच्या कपाळावरचं टेंगूळ पुसलं. खळी पुसाले मी काय आंधळा होतो काय? सांग तुझ्या बापाले, असंन तं निघंन.”

बंद स्टुडिओतल्या सगळ्या निगेटिव्ह त्यांनी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत पत्र्याच्या पेट्यांमध्ये ठेवल्या आहेत. प्रत्येक पाकिटावर तारीख, गाव, नाव. त्यांना पाकीट शोधायला अर्धा तासही लागला नाही, आणि याचा त्यांना अभिमान वाटला. पाकिटात एक चौकोनी निगेटिव्ह होती: जिनिंगमधल्या सात बाया एका रांगेत, हंगामाच्या शेवटच्या दिवशी काढलेल्या. सोबत मुकादम फुलसिंगची वहीच्या पानावरची चिठ्ठी. ‘पंचफुला, डावीकडून तिसरी.’ जिनिंगच्या ऑफिसात टांगलेल्या फोटोकडे बघून त्यानं ती लिहून दिली होती. पोराला घेऊन आलेल्या आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिला सात बायांतली एक ओळखता येणं शक्य नव्हतं. निगेटिव्हच्या कडेला उकंडाभाऊंनी स्वतः केलेली पेन्सिलीची बारीक खूण अजून होती.

डार्करूम कधीच मोडली होती, म्हणून ते निगेटिव्ह घेऊन कपिलच्या डिजिटल लॅबमध्ये गेले. कपिल त्यांच्याच हाताखाली शिकलेल्याचा मुलगा. त्यानं निगेटिव्ह मशीनवर ठेवली, आणि क्षणात सात बाया पडद्यावर सरळ उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, पदरावर कापसाची रुई, उन्हानं बारीक झालेले डोळे.

“कोणती काढू, काका?”

“डावीकडून तिसरी.”

कपिलनं तिसरीचा चेहरा मोठा केला. रुंद कपाळ, ओठ घट्ट मिटलेले, आणि हनुवटीच्या मधोमध खळी, बोटानं दाबून केल्यासारखी.

“ही नाही.”

“डावीकडून तिसरी हीच आहे.”

“अरे ही नाही ना. माझी खूण पाय ना कुठं आहे.”

कपिलनं खूण बघितली. “खूण तर उजवीकडून तिसरीवर आहे. तुमच्या फोटोतली ही आहे काय?” त्यानं दुसरा चेहरा मोठा केला. हाच तो. लांबट, डाव्या भुवईशी थोडा प्रश्न असल्यासारखा, हनुवटी गुळगुळीत. “मग चिठ्ठी चुकली असंन, काका. नाहीतर तुम्ही निगेटिव्ह उलटीकडून पाहिली असंन.” आणि तो सहज, काही मनात न धरता हसला. त्यानं एक बटण दाबलं. सातही बाया एकदम बाजू बदलून उभ्या राहिल्या. “अशी. झाली का तिसरी?”

उकंडाभाऊ खाली बसले. मंद बाजू वर ठेवून, पेन्सिल हातात घेऊन, डावीकडून एक, दोन, तीन. त्यांना ती दुपारसुद्धा आठवली. पंख्याचा आवाज आठवला. ते पस्तीस वर्षं वाळून पक्कं झालेलं होतं.

“एकीचा चेहरा काढू का दोघींचा?” कपिलनं विचारलं.

“कोणाचाच नको. सातही काढ. मोठा. कापू नको काही.”

तरी एक शंका त्यांनी जिवंत ठेवली. फुलसिंगच चुकला असेल. तो वारला होता, पण त्या सातांतली एक राजूरला होती: रामीबाई, ऐंशीच्या घरातली, मुलाच्या किराणा दुकानाबाहेर खाटेवर बसलेली. उकंडाभाऊंनी तीन वर्षांनंतर फियाट रस्त्यावर काढली. स्टिअरिंगवरचा गिअर दोनदा अडला. राजूर फाट्यापर्यंत मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि ते डाव्या कडेनं, मातीतून, बैलगाडीच्या चालीनं गेले.

रामीबाईनं फोटो मांडीवर घेतला. डोळे शस्त्रक्रिया झालेले, चांगले होते.

“हे मी. पाय कशी उभी हाय, जसं जिनिंग माह्या बापाचं. हे जमनी, कोलामाची. हे पंचफुला.” बोट डावीकडून तिसरीवर टेकलं. मग पुढे सरकलं आणि पाचवीवर, म्हणजे उजवीकडून तिसरीवर थांबलं. “अन् हे... हिचं नाव मले नाही माहीत, भाऊ. आदिलाबादकडून आलती. दोन महिने होती. तेलगू बोले, आमी तिले नुसतं ‘ओ बाई’ म्हनो. लय चांगली वळत होती रुई.”

“मंग कुठं गेली?”

“हंगाम सरला, गेली. कुठं गेली कोन इचारते.” तिनं फोटो उन्हाकडे धरला. “तुमाले तं माहीत असंन. तुमीच तिले ताकसांड्याच्या भिंतीवर बसवली.”

“तुले माहीत होतं?”

“धम्याची आजी गेली तवा गेलतो ना आमी. भिंतीवर पाह्यलं. श्रावणाच्या बाजूनं ओ बाई बसून. मले आधी हासू आलं, खरं सांगतो. श्रावण्या मोठा भाग्याचा, मेल्यावर दुसरी भेटली.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

“पोरगं फोटोपुढं बसून लडत होतं. पंधरा वर्साचं. ‘माय, आता आजी बी गेली’ म्हने. मी काय सांगू त्याले, तुही माय हे नोहे म्हनून? गप बसलो.” रामीबाईनं चंची उघडली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “माझं सोडा. मी बाईमानूस, बोलली असती तं लोकं म्हनले असते, म्हातारीचं टकुरं फिरलं. तुमी काय करता आता?”

“तेच समजून नाही राह्यलं. त्याचं वय आता छत्तीस-सदतीस. इतके वर्सं त्यानं त्या चेहऱ्यालेच माय म्हटलं. आता मी जाऊन त्याची माय काढून घेऊ?”

“अन् पंचफुलाचं काय?”

उकंडाभाऊंनी फोटोतल्या तिसरीकडे पाहिलं.

“तुमी सगळे पोराचंच पाहून राह्यले. ते पिवळी पडलती ना, हळदीवानी, तवा बी पोराले पाजो पाजो म्हनत होती. तिले कोन एक फूल वाह्यलं? पस्तीस वर्सं फुलं भलतीच घेऊन राह्यली.” तिनं फोटो परत केला. आवाजात राग नव्हता. “त्या ओ बाईचं बी काही चुकलं नाही. तिनं कोनाले म्हटलं होतं, मले हार घाला म्हनून?”

परत येताना त्यांनी कॅसेट लावली नाही. घरी आल्यावर गाडीतच बसून राहिले. विमलताई शेडशी आली, तिनं आज गावाचं नाव घेतलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती फियाटच्या दाराला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, “तुमचं सगळं जुनं मले कधी आवडलं नाही. पण ते खोटं आहे असं मले कधी वाटलं नव्हतं.”

पौर्णिमेपर्यंतचे चार दिवस त्यांनी गाडी पुसली नाही. ते पेट्या उघडून बसले. एक-एक पाकीट, एक-एक निगेटिव्ह, चकचकीत बाजूनं. चिठ्ठी असेल तर चिठ्ठीशी ताडून. बहुतेक जोड फोटोंत दोन माणसांचे वेगळे फोटो होते, तिथे चूक व्हायला जागा नव्हती. गर्दीतून काढलेले चेहरे एकोणीस निघाले. त्यातल्या अठरांची खूण बरोबर होती. अठरा बरोबर आहेत याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना वाटत राहिलं की या पेट्यांमध्ये आपण इतकी वर्षं जे जपलं ते घडून गेलेलं नव्हतं; ते घडतच होतं, रोज सकाळी, कुणाच्या तरी भिंतीवर, हार बदलताना.

धम्मदीपचं नवं घर रस्त्यापासून आत होतं, रंगाचा वास अजून न गेलेलं. वंदना झाली होती, पोरांना खीर वाढणं चालू होतं. पुढच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर तो जोड फोटो लागलेलाही होता. त्यांनी निगेटिव्हची वाट पाहिली नव्हती. जुन्या फ्रेमचाच मोबाइलवरून मोठा करून घेतलेला, दारातून आल्याबरोबर दिसणारा. ताजा शेवंतीचा हार.

धम्मदीप पुढे आला. आडव्या बांध्याचा, खाणीच्या उन्हात रापलेला माणूस, पांढरा शर्ट. त्यानं वाकून नमस्कार केला. उकंडाभाऊंची नजर त्याच्या हनुवटीवर गेली आणि त्यांनी ती काढून घेतली.

“बसा काका. पोरीनं तुमाले त्रास दिला. मी तिले म्हटलं होतं, राहू दे. खळीचं काय, आजीले दिसत तं नव्हतं, तिनं अंदाजे सांगतलं असंन.” त्यानं फोटोकडे बोट केलं. “मले तिची हे डावी भुवई लय कामाची पडली. लहानपणी शाळा बुडवली की मी आधी भुवई पाहो. अशी वर दिसे. आजी म्हने, पाह्यलं, माय काय म्हणून राह्यली.”

डावी भुवई. त्या बाईच्या निगेटिव्हवर ती पदराच्या सावलीत अर्धी गेलेली होती. वरची अर्धी रेघ उकंडाभाऊंच्या पेन्सिलीची होती.

अपेक्षा धावत आली. “आजोबा, निगेटिव्ह सापडली?”

त्यांनी कपिलनं काढून दिलेला मोठा फोटो पाकिटातून काढला आणि धम्मदीपच्या हातात दिला. बोलायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. बाबू, माझी एक चूक झाली, इथून सुरुवात करायची होती. तोंड उघडण्याआधीच अपेक्षा बापाच्या खांद्यावरून वाकली.

“ही आजी,” ती म्हणाली. तिचं बोट थेट उजवीकडून तिसरीवर गेलं. “बघा, इथंपण खळी नाही. म्हणजे आजोबांनी पुसली नव्हती. सॉरी आजोबा.”

धम्मदीप बघत होता. आईचा असा फोटो त्यानं कधी पाहिला नव्हता: उन्हात, इतर बायांमध्ये, अंगावर रुई. तो हसला. मग ज्या चेहऱ्यांची त्याला गरज नव्हती तेही तो बघू लागला, जसं कुणीही बघेल, एका टोकापासून. पहिली. दुसरी. तिसरीवर त्याची नजर थांबली. पुढे गेली आणि परत आली. त्याचा उजवा हात फोटो सोडून वर आला आणि अंगठा हनुवटीवर टेकला. आपण काय करतो आहोत हे त्याच्या लक्षात नव्हतं.

खीर वाढणारी बाई मधून गेली. कुणीतरी मुलाला ओरडलं.

“काका,” धम्मदीप हळू म्हणाला, “हे कोण?”

उकंडाभाऊंनी ठरवून आणलेलं वाक्य शोधलं. खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली. धम्मदीपनं वाचली, पुन्हा वाचली. डावीकडून बोटानं मोजलं. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

“अन् हे?”

“मी फिल्म उलटीकडून पाह्यली, बाबू. तिचं नाव कोणालेच माहीत नाही. आदिलाबादची होती.”

“आजीले समजलं नव्हतं?”

“तिनं काचेवरून हात फिरवला. ‘हाव, हेच’ म्हणाली.”

अपेक्षाला काही समजलं होतं आणि काही नव्हतं. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. धम्मदीपनं चिठ्ठीची घडी होती तशीच पुन्हा घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. सात बायांचा फोटो त्यानं दोन्ही हातांनी उचलला, बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर नेला आणि भिंतीला टेकवून उभा केला. तो पडू नये म्हणून पुढे मेणबत्तीचं ताट सरकवलं. मग तसाच, पाठ करून उभा राहिला.

दारात नवे पाहुणे आले होते, खाणीतला कुणी साहेब आणि त्याची बायको. बाईनं चप्पल काढता काढता जोड फोटोकडे पाहिलं. “आईवडील का तुमचे?”

धम्मदीप वळला नाही.

“हो,” तो म्हणाला. “वडील. अन् माय. एक माय तिथं, एक इथं. या, बसा.”

मग तो उकंडाभाऊंकडे वळला. डोळे लाल होते, चेहरा बंद होता, त्यावरून काहीच वाचता येत नव्हतं. “काका, जेवून जा,” तो म्हणाला.

अपेक्षानं ताट आणलं होतं. उकंडाभाऊ खुर्चीवरून उठले, तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, दाराशी जाऊन चपलांच्या ढिगातून आपल्या शोधल्या, आणि बाहेर पडले.